खात्याचं नाव बदललं आणि संगणक आत घेईना: ग्रामपंचायत, शाळा आणि सेवा केंद्रातल्या नवख्यांसाठी

ग्रामपंचायतीतला जुना संगणक परिचालक काम सोडून गेला, नवा रुजू झाला. त्याने पडद्यावरचं जुनं नाव काढून आपलं टाकलं, पासवर्ड बदलला आणि संध्याकाळी कुलूप लावून घरी गेला. सकाळी रहिवासी दाखल्यासाठी माणसं ओट्यावर येऊन बसलेली, आणि पडद्यावर एकच ओळ: 'युजरनेम ऑर पासवर्ड इज इन्करेक्ट'. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकांची बदली झाली की हेच होतं. कृषी केंद्रात बिलं करणारा मुलगा बदलला तरी हेच. तालुक्याहून दुरुस्तीवाला यायचा म्हणजे एक दिवस जातो, आणि घाईत त्याने विंडोज नव्याने टाकलं तर डेटाही जातो. बहुतेक वेळा त्याची गरजच नसते.

इथे विंडोज १० आणि ११ धरून लिहिलं आहे. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला असला तरी गावोगावच्या टेबलांवर तेच आहे, आणि लॉगिनची रीत दोन्हींत जवळजवळ सारखी आहे.

नाव बदलतं, नंबर बदलत नाही

सातबारा डोळ्यासमोर आणा. वावर विकलं, फेरफार झाला, मालकाचं नाव बदललं. गट नंबर मात्र तोच राहतो. विंडोजमधलं खातंही असंच आहे. प्रत्येक खात्याला आत एक लांबलचक क्रमांक असतो, त्याला एसआयडी म्हणतात, आणि संगणक माणसाला ओळखतो तो या क्रमांकाने. बाकी सगळी त्यावर चिकटवलेली लेबलं आहेत, आणि ती तीन आहेत.

पहिलं, लॉगिनच्या पडद्यावर फोटोखाली दिसणारं नाव. कंट्रोल पॅनेलमध्ये 'चेंज युवर अकाउंट नेम' केलं की फक्त हेच बदलतं. दुसरं, खरं युजरनेम, जे संगणक आत वापरतो आणि दुसऱ्या संगणकावरून प्रिंटर जोडताना विचारतो. तिसरं, सी ड्राइव्हच्या 'युजर्स' फोल्डरमधलं तुमच्या नावाचं फोल्डर, जे खातं पहिल्यांदा उघडलं तेव्हा बनलं आणि नंतर नाव कितीही बदललं तरी बदलत नाही. म्हणून पडद्यावर नव्या परिचालकाचं नाव आणि आत फोल्डरला जुन्याचं, हा बिघाड नाही. तसंच राहू द्या. त्याने कामाचं काही अडत नाही.

खरं युजरनेम कोणतं, हे पाहायचं असेल तर स्टार्टमध्ये 'कमांड प्रॉम्प्ट' शोधून उघडा, इंग्रजी अक्षरांत 'नेट युजर' असे दोन शब्द मध्ये एक जागा सोडून टाइप करा आणि एंटर दाबा. संगणकावरच्या सगळ्या खात्यांची खरी नावं ओळीने दिसतात. ती एकदा वहीत लिहून ठेवा.

आता अडकलेला माणूस समोर आहे असं धरू. कीबोर्डला हात लावण्याआधी त्याला एवढंच विचारा: काल नेमकं काय बदललं? दिसणारं नाव, पासवर्ड, पिन, ईमेल की फोल्डरचं नाव? उत्तर कागदावर लिहा, कारण पुढची वाट त्यावरच ठरते. आणि अंदाजाने पासवर्ड टाकत बसू नका. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या संगणकावर १० चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं १० मिनिटं बंद होतं. त्या वेळात बरोबर पासवर्ड टाकला तरी संगणक नाहीच म्हणतो. मग माणूस गोंधळतो आणि बरोबर पासवर्डही चुकीचा म्हणून सोडून देतो.

पासवर्ड बरोबर आहे, तरी घेत नाही

आपल्याकडे याचं सगळ्यात मोठं कारण मराठी कीबोर्ड आहे. दिवसभर ठराव आणि नमुने मराठीत टाइप होतात, त्यामुळे संगणकावर इंग्रजी आणि मराठी असे दोन कीबोर्ड असतात, आणि शेवटी वापरलेला कधीकधी लॉगिनच्या पडद्यावरही चालू राहतो. पडद्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात भाषेची खूण असते. तिथे इंग्रजी नसेल तर विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबा, खूण बदलते.

मग पासवर्डच्या रकान्यात उजवीकडे असलेल्या डोळ्याच्या चित्रावर माऊसचं बटण दाबून धरा. टाइप केलेलं उघडं दिसतं. इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी कीबोर्डची एक ठरलेली मांडणी, चालू असेल तर इंग्रजी 'के' च्या कळीवर 'क' उमटतो, पण 'एच' च्या कळीवर 'प' आणि 'जे' वर 'र'. असं काही दिसलं की कारण सापडलं.

याची उलटी बाजूही आहे, आणि ती कुणाला पटकन सुचत नाही. काल पासवर्ड बदलताना मराठी कीबोर्ड चालू राहिला असेल, तर नवा पासवर्ड मराठी अक्षरांतच साठवला गेला आहे. ठिपके दिसत असल्याने टाकणाऱ्याला कळलं नाही, आणि दोन्ही रकान्यांत तेच टाइप झाल्याने संगणकानेही हरकत घेतली नाही. अशा वेळी लॉगिनच्या पडद्यावर मुद्दाम मराठी कीबोर्ड लावा आणि त्याच कळा त्याच क्रमाने दाबा. उघडलं तर आत जाऊन आधी पासवर्ड इंग्रजीत नव्याने ठेवा.

कॅप्स लॉक आणि नम लॉक तपासून घ्याच. पासवर्डमधले आकडे उजवीकडच्या आकड्यांच्या पट्टीवरून टाकत असाल आणि नम लॉक बंद असेल, तर आकडा उमटतच नाही.

एवढं करूनही जमलं नाही, तर डावीकडे खाली दुसरं खातं किंवा 'अदर युजर' दिसतं का पाहा. तिथे नाव टाइप करायचं असेल तर दिसणारं नव्हे, खरं युजरनेम टाका, आणि त्याच्या आधी एक टिंब आणि एक बॅकस्लॅश. याचा अर्थ 'याच संगणकावरचं खातं'.

पिन वेगळा, पासवर्ड वेगळा

चार किंवा सहा आकड्यांचा पिन हा त्या एका संगणकापुरता असतो आणि त्याच संगणकात साठवलेला असतो. पासवर्ड बदलला म्हणून पिन बदलत नाही, आणि पिन बदलला म्हणून पासवर्ड बदलत नाही. नवा पासवर्ड पिनच्या रकान्यात टाकून 'घेत नाही' म्हणणारे पुष्कळ भेटतात. रकान्याखाली 'साइन-इन ऑप्शन्स' वर क्लिक करा. किल्लीचं चित्र पासवर्डचं, बटणांच्या पट्टीचं चित्र पिनचं.

पिन काही वेळा लागोपाठ चुकला की संगणक 'ए१बी२सी३' असं काहीतरी टाइप करायला सांगतो. हा व्हायरस नाही. खरंच माणूस टाइप करतोय ना, एवढंच तो तपासतो. पडद्यावर इंग्रजीत दिसतं तसंच टाका, पुढे पुन्हा पिनचा रकाना येतो.

'युवर पिन इज नॉट अव्हेलेबल' असा संदेश आला, तर पासवर्डने आत जा आणि सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स, पिन इथे जाऊन जुना काढून नवा ठेवा. पासवर्डचा पर्याय दिसतच नसेल तर बहुधा त्याच पानावरचा 'ओन्ली अलाउ विंडोज हॅलो साइन-इन' हा पर्याय चालू आहे. मग 'आय फरगॉट माय पिन' ही एकच वाट उरते, आणि तिला इंटरनेट लागतं. पंचायतीच्या डेस्कटॉपला वायफाय नसतं, ब्रॉडबँडचा भरवसा नसतो. अशा वेळी मोबाईल डेटा केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लॉगिनच्या पडद्यावरही नेट मिळतं, कोपऱ्यातलं नेटवर्कचं चित्र बदलेल.

ईमेलचं खातं आणि दुसऱ्याच्या खिशातला ओटीपी

फोटोखाली ईमेल दिसत असेल तर ते मायक्रोसॉफ्ट खातं. त्याचा पासवर्ड संगणकात नाही, मायक्रोसॉफ्टकडे बदलतो. फोनवरून तो बदलला आणि संगणकाला नेट नसेल, तर तो संगणक अजून जुनाच पासवर्ड मागतो. नेट मिळालं की नवा मागू लागतो. म्हणून आधी जुना टाकून पाहा, मग नेट जोडून नवा.

खरी अडचण ओटीपीची. खातं जुन्या परिचालकाच्या किंवा बदली झालेल्या मुख्याध्यापकांच्या मोबाईल नंबरवर असतं, आणि 'भाऊ, ओटीपी सांगा ना' म्हणत फोन करावा लागतो. भाऊंनी नंबर बदलला असेल तर पंचाईत. नंबर, ईमेल यातलं काहीच हाती नसताना नवी माहिती टाकली, तर ती लागू व्हायला मायक्रोसॉफ्ट ३० दिवस थांबवतं. ही चोरापासूनची राखण आहे, तिला आडवाट नाही. म्हणून जुना माणूस चार्ज देत असतानाच, त्याच्या समोर, त्याच्या फोनवर ओटीपी घेऊन आधी नवा नंबर जोडा, तो चालतो याची खात्री करा आणि मगच जुना काढा. उलट क्रमाने केलं की खातं अधांतरी राहतं.

आत गेलो, पण डेस्कटॉप रिकामा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, कारण इथे लोक घाबरून डेटा घालवतात. लॉगिन होतं, पण नमुना ८ च्या फाइली नाहीत, कालची एक्सेल नाही, भिंतीचं चित्रही विंडोजचं मूळचं. कोपऱ्यात संदेश येतो, 'यू हॅव बीन साइन्ड इन विथ अ टेम्पररी प्रोफाइल' किंवा 'वी कान्ट साइन इन टू युवर अकाउंट'.

फाइली कुठे गेलेल्या नाहीत. संगणकाला तुमचं फोल्डर सापडलं नाही, म्हणून त्याने तात्पुरतं कोरं फोल्डर दिलं. या तात्पुरत्या फोल्डरमध्ये काहीही सेव्ह करू नका, साइन आउट करताच ते पुसलं जातं. दिवसभर इथे बसून पंचवीस अर्ज स्कॅन केले तर पंचवीसही जातील.

कारणं मुख्यतः दोन. पहिलं, कुणीतरी 'युजर्स' मधल्या फोल्डरला नवं नाव दिलं. संगणकाच्या नोंदवहीत त्या क्रमांकापुढे अजून जुन्याच फोल्डरचा पत्ता लिहिलेला असतो, तिथे जाऊन पाहतो तर फोल्डर नाही. दुसरं, संगणक बंद होत असतानाच लाईन गेली, इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली होती, आणि खात्याची फाइल अर्धवट लिहिली गेली. उन्हाळ्यात भारनियमनाच्या दिवसांत हे दुसरं कारण जास्त दिसतं.

आधी सी ड्राइव्ह, युजर्स उघडून तुमच्या नावाचं फोल्डर आणि त्यातले डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स डोळ्यांनी पाहून घ्या. असतील तर जीव भांड्यात पडेल. लगेच पेन ड्राइव्हवर त्यांची प्रत काढा. मग दुरुस्ती:

१. संगणकावर दुसरं ॲडमिनिस्ट्रेटर खातं, म्हणजे संगणकात बदल करण्याचे सगळे अधिकार असलेलं खातं, असेल तर त्यातून आत जा. नसेल तर आत्ताच बनवा. सेटिंग्ज, अकाउंट्स, 'अदर युजर्स', 'ॲड अकाउंट'. तिथे 'आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन' आणि मग 'ॲड अ युजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट'. नाव, पासवर्ड, तीन सुरक्षा प्रश्न भरा. मग त्या खात्यावर क्लिक करून 'चेंज अकाउंट टाइप' मधून ॲडमिनिस्ट्रेटर करा. आता रीस्टार्ट करून या नव्या खात्यातूनच आत या. बिघडलेल्या खात्यात लॉगिन करू नका.

२. फोल्डरचं नाव बदललं असेल, तर ते अक्षर न अक्षर पूर्वीसारखं करा. पुष्कळदा एवढ्यावर काम होतं. पुढच्या पायऱ्या तरीही पाहून घ्या.

३. विंडोजचं बटण आणि 'आर' दाबा, 'रेजएडिट' (आर-ई-जी-ई-डी-आय-टी) इंग्रजीत टाइप करून एंटर करा. ही संगणकाची नोंदवही, इथे चूक महागात पडते. काहीही करण्याआधी 'फाइल', 'एक्सपोर्ट' करून प्रत काढून ठेवा.

४. डावीकडे एच-की लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, प्रोफाइल लिस्ट अशा फांद्या उघडत जा. 'एस-१-५-२१' ने सुरू होणाऱ्या लांब नोंदी दिसतील. हेच ते खात्यांचे गट नंबर. प्रत्येकावर क्लिक केलं की उजवीकडे 'प्रोफाइल इमेज पाथ' पुढे फोल्डरचा पत्ता दिसतो. तुमची नोंद त्यावरून ओळखा.

५. एकच क्रमांक दोनदा दिसेल, एक साधा आणि एक शेवटी टिंब आणि 'बी-ए-के' ही अक्षरं जोडलेला. शेपटीवाली नोंद तुमची खरी, साधी नोंद तात्पुरती. साध्या नोंदीच्या शेवटी टिंब आणि 'ओ-एल-डी' जोडा. मग खऱ्या नोंदीच्या शेवटची टिंबासकट 'बी-ए-के' ही शेपटी काढा. क्रम उलटा केला तर तेच नाव आधीच आहे म्हणून संगणक बदलू देत नाही.

६. खऱ्या नोंदीत उजवीकडे 'प्रोफाइल इमेज पाथ' प्रत्यक्ष फोल्डरशी जुळतो का पाहा. 'स्टेट' आणि 'रेफ काउंट' या ओळी असतील तर दोन्हींत ० ठेवा.

७. रीस्टार्ट करा. 'शट डाउन' नको. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये संगणक पूर्ण बंद होत नाही, आतली काही स्थिती जपून ठेवतो.

अर्धवट लिहिलेली फाइलच बिघडली असेल तर एवढ्यानेही खातं उघडणार नाही. मग नव्या खात्यातच काम सुरू करा आणि जुन्या फोल्डरमधून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स एवढंच आणा. आख्खं फोल्डर उचलून टाकलं तर बिघडलेली फाइलही सोबत येते.

दुसऱ्या खात्यातून पासवर्ड बदलण्याआधी

पासवर्ड आठवतच नाही, पण दुसरं ॲडमिनिस्ट्रेटर खातं आहे, अशी स्थिती असेल तर त्यातून नवा पासवर्ड देता येतो. पण घाई करू नका. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पोर्टलचे पासवर्ड आणि विंडोजने कुलूपबंद केलेल्या फाइली जुन्या पासवर्डच्या आधाराने बंद केलेल्या असतात. बाहेरून पासवर्ड बदलला की त्यांचं कुलूप उघडत नाही. विंडोज तशी सूचना देतं, पण ती न वाचताच 'ओके' दाबलं जातं. सेवा केंद्रात सगळ्या योजनांचे लॉगिन ब्राउझरमध्येच साठवलेले असतात, म्हणून हा फटका मोठा बसतो. नंतर जुना पासवर्ड आठवला तर पुन्हा तोच ठेवून पाहा, कुलपं बहुधा उघडतात.

म्हणून आधी सुरक्षा प्रश्नांची वाट. स्थानिक खातं, म्हणजे ईमेल न जोडता याच संगणकावर बनवलेलं खातं, असेल तर एकदा चुकीचा पासवर्ड टाका, खाली 'रीसेट पासवर्ड' दिसेल. खातं बनवताना दिलेली तीन उत्तरं लागतात, आणि स्पेलिंग तेव्हा लिहिलं तसंच हवं. गावाचं नाव विचारलं असेल तर दोन-तीन प्रकारे लिहून पाहा.

जुना पासवर्ड माहीत असेल तर बदलायची बिनधोक रीत एकच: त्याच खात्यात राहून कंट्रोल, ऑल्ट, डिलीट एकत्र दाबा आणि 'चेंज अ पासवर्ड' करा. यात ब्राउझरमधलं काही जात नाही. ग्रामसेवकांच्या डिजिटल सहीच्या टोकनचा याच्याशी संबंध नाही. त्याचा पासवर्ड टोकनमध्येच असतो, विंडोजचा बदलला तरी तो बदलत नाही.

पासवर्ड बदलला आणि प्रिंटर बंद पडला

दोन संगणक, एक प्रिंटर. ज्याला प्रिंटर जोडला आहे त्याच्या खात्याचा पासवर्ड बदलला की दुसऱ्यावरून प्रिंट निघत नाही, कारण त्याच्याकडे जुनाच पासवर्ड साठवलेला असतो. तो मागच्या मागे जुना पासवर्ड पाठवत राहतो, आणि चुकीचे प्रयत्न मोजले जाऊन पहिल्या संगणकाचं खातंच बंद पडू शकतं. 'कुणी हात लावला नाही तरी लॉक होतं' याचं कारण बरेचदा हे असतं.

दुसऱ्या संगणकावर कंट्रोल पॅनेलमध्ये 'क्रेडेन्शियल मॅनेजर', त्यात 'विंडोज क्रेडेन्शियल्स' उघडा, पहिल्या संगणकाच्या नावाची नोंद 'रिमूव्ह' करा. पुन्हा प्रिंटर उघडला की नाव आणि पासवर्ड विचारेल. तिथेही खरं युजरनेमच टाकायचं.

संगणक आपोआप लॉगिन होत असेल तर तोही जुनाच पासवर्ड टाकून अडखळतो. 'ओके' करून हाताने नवा टाका. मग विंडोजचं बटण आणि 'आर' दाबून एन-ई-टी-पी-एल-डब्ल्यू-आय-झेड टाइप करा, 'युजर्स मस्ट एंटर' ची खूण लावा आणि ॲप्लाय करा. जिथे गावभरचे कागद आहेत, तिथे आपोआप लॉगिन नसलेलंच बरं.

तारीख मागे गेली असेल तर

मायक्रोसॉफ्ट खातं पासवर्ड घेत नाही, ब्राउझरही 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतो, तर आधी कोपऱ्यातली तारीख पाहा. ती काही वर्षं मागे असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा गोल सेल संपला आहे. संगणक बंद करून वायर काढा, सेल बदला, लिहिलेली बाजू वर ठेवा, तारीख भरा. सेल बदलल्यावर बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामच्या, सेटिंग मूळपदावर जाऊ शकतात आणि पिन चालेनासा होऊ शकतो, म्हणून पासवर्ड माहीत असल्याशिवाय सेलला हात लावू नका.

कोणतीच वाट उरली नाही तर

दुसरं खातं नाही, प्रश्नांची उत्तरं नाहीत, अशा वेळी विंडोज नव्याने टाकण्याआधी हार्डडिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडा आणि 'युजर्स' मधला डेटा काढून घ्या. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे आख्खी डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, असेल तर ४८ अंकी किल्ली लागते. ती बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने संगणक सुरू केला त्याच्या पानावर, म्हणजे कधीकधी जुन्या परिचालकाच्याच खात्यात असते. दुरुस्तीवाल्याला 'फॉरमॅट करा' म्हणण्याआधी 'डेटा काढला का' हे विचारा आणि फाइली उघडून दाखवायला सांगा.

चार्ज घेताना

पदभाराच्या यादीत खुर्ची, कपाट, शिक्के असतात तशी संगणकाची एक पाटीही असू द्या: खऱ्या युजरनेमांची यादी, खातं स्थानिक की ईमेलचं, त्याला जोडलेला मोबाईल नंबर, बिटलॉकरची किल्ली. पासवर्ड वेगळ्या बंद पाकिटात, सरपंच किंवा मुख्याध्यापकांच्या कपाटात. जुना माणूस समोर बसलेला असतानाच दुसरं ॲडमिनिस्ट्रेटर खातं बनवा, त्याला पदाचं नाव द्या, माणसाचं नको. मग रीस्टार्ट करा आणि दोन्ही खात्यांतून एकेकदा आत जाऊन पाहा. दोन्ही उघडली की मग पासवर्ड बदला.